कुलूपबंद दारांच्या बाजूने: प्रा. शरयू नेवरेकर

शरयूताईंची आणि माझी पहिली ओळख एका अतिक्रमणातून झाली, आणि ते अतिक्रमण मी केलं होतं. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशा कबुलीने करणं शोभत नाही, हे मला कळतं. पण संपादक म्हणाले, "पहिल्या भेटीपासून लिहा," आणि पहिली भेट सजवून लिहिली तर पंचाहत्तरीतल्या शरयूताई स्वतः लाल पेन घेऊन बसतील. तेव्हा घडलं तेच लिहिते.

वीसेक वर्षांपूर्वी लग्न होऊन मी पुण्याहून कोलकात्याला आले. नवरा सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत, सकाळी नऊला जो जायचा तो जेवायच्या वेळीच उगवायचा. सॉल्ट लेकमधल्या एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर होतं. समोरच्या घराला कुलूप. पहिल्या महिन्यात मी आमच्या दारापाशी चपलांचं कपाट ठेवलं. दुसऱ्या महिन्यात ते थोडं पुढे सरकलं, कारण तुळस ठेवायची होती आणि ऊन नेमकं समोरच्या बाजूला येत होतं. तुळशीपाठोपाठ गवती चहा आला, कढीपत्ता आला. थंडी सुरू झाल्यावर घरातला कूलर बाहेर गेला, आणि शेवटी नवऱ्याची सायकल थेट समोरच्या दाराच्या कडीला साखळीने बांधली गेली. दरवान एकदा म्हणाला होता, की तिथे एक दीदी राहतात, बाहेरगावी गेल्यात. कधी येणार, हे विचारायचं मला सुचलं नाही. सोयीचं नव्हतं म्हणूनच सुचलं नसावं.

एका सकाळी घंटा वाजली. दारात उंच, शिडशिडीत बाई. अंगावर चुरगळलेली सुती साडी, हातात दोन बॅगा. दारावरची आमची पाटी त्यांनी वाचली होती.

"नमस्कार. मी शरयू नेवरेकर. समोरच्या घरात राहते. म्हणजे आत जाता आलं, तर राहीन म्हणते."

परमुलखात कुणी मराठीत बोललं की एरवी माझे डोळे भरून यायचे. त्या दिवशी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी पुटपुटले, "सॉरी हं. मला वाटलं, इथे कुणी राहत नाही."

"कशावरून?"

"कुलूप होतं ना."

"मग? कुलूप राहणारा माणूसच लावतो. न राहणाऱ्याला कुलपाची काय गरज?" मग त्यांनी शांतपणे कूलरपासून चपलांपर्यंत सगळ्याची पाहणी केली. "हे सगळं एकदम आलं, की हळूहळू?"

"हळूहळू."

"आधी काय आलं?"

"चपला."

त्या मोठ्याने हसल्या. "सायकल काढा. कूलर घरात न्या. तुळस राहू दे, तिला ऊन इकडेच आहे. पण आता विचारून राहू दे. विचारा बघू."

मी शाळकरी मुलीसारखं विचारलं, "तुळस इथे ठेवू का?" त्या म्हणाल्या, "अवश्य ठेवा." मग चहाला त्या आमच्याकडे आल्या, कारण सहा महिने बंद असलेल्या त्यांच्या घरात दूधसाखर काहीच नव्हतं. आधी, मोकळेपणाने आणि सगळं सांगून घेतलेली संमती, या एका गोष्टीसाठी जगभरचे आदिवासी समाज आंतरराष्ट्रीय कायद्यात किती वर्षं भांडत आले आहेत, हे मला पुढे समजलं. धडा मात्र त्या जिन्यातच मिळाला होता.

चहा पिताना मी एलएलबी असल्याचं त्यांनी माझ्या तोंडून काढून घेतलं. पदवी कुठे आहे, असं विचारल्यावर मी ट्रंकेकडे बोट दाखवलं. "तिला तिथे करमत असेल का?" एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या विद्यापीठातल्या खोलीत फायली लावायला जाऊ लागले आणि आठवड्याभरात 'अहो मेघनाबाई'ची 'अगं मेघना' झाले.

ज्यांना शरयूताई फक्त गणेशोत्सवात मोदकांवर देखरेख करणाऱ्या कडक बाई म्हणून माहीत आहेत, त्या आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या वाचकांसाठी त्यांच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचे वडील खिदिरपूरच्या गोदीत नोकरीला होते. रद्दीत निघालेले जुने सागरी नकाशे ते घरी आणत, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर शरयूताई गणितं सोडवत. पुढच्या बाजूला किनाऱ्यालगत बारीक अक्षरात असंख्य नावं असत आणि आतला सगळा मुलूख पांढरा. "नकाशा खोटा नव्हता गं," त्या सांगतात. "जहाजाला आतल्या गावांशी काय करायचंय? म्हणून तो भाग कोरा. घोटाळा पुढे झाला. त्या कोऱ्या भागात खरंच कुणी नाही, असं समजून लोकांनी त्यावर सह्या केल्या."

त्या सह्यांचा अभ्यास हेच पुढे त्यांचं आयुष्य झालं. युरोपातल्या दर्यावर्दी सत्तांनी दूरदूरचे मुलूख घेतले ते नुसत्या बंदुकीच्या जोरावर नव्हे. बंदुकीच्या मागोमाग कायदा गेला. कुंपण नाही, नांगर नाही, कागद नाही, म्हणजे जमीन कुणाचीच नाही, आणि कुणाचीच नाही म्हणजे जो आधी झेंडा रोवील त्याची. या समजुतीला 'टेरा नलियस' असं भारदस्त लॅटिन नाव होतं. त्या जमिनीवर ऋतूप्रमाणे हिंडणारी, शिकार करणारी, आलटूनपालटून शेत पिकवणारी माणसं होती, त्यांचे प्रमुख होते, देव होते, भांडणं मिटवायच्या रीती होत्या. पण ती माणसं साहेब आला त्या दिवशी दारात उभी नव्हती. फार उशिरा, एका वाळवंटी प्रदेशाबद्दल मत देताना, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या न्यायाधीशांनी मान्य केलं की फिरस्त्या टोळ्यांचा मुलूखही बेवारस नसतो. शरयूताई तेव्हा नुकत्या संशोधनाला लागल्या होत्या. या विषयात भवितव्य नाही, असं त्यांना वडीलधाऱ्यांनी बजावलं होतं. बजावणाऱ्यांचं ऐकायची सवय त्यांना तेव्हाही नव्हती.

आपल्याकडे हा विषय काढला की लोक म्हणतात, इंग्रज तर गेले, आता वसाहतवाद कुठला? शरयूताईंचं उत्तर ठरलेलं आहे: "साहेब गेला, त्याचा फॉर्म राहिला." जंगल म्हणजे सरकारची मालमत्ता आणि त्यात राहणारे म्हणजे घुसखोर, ही साहेबाची मांडणी आपण कितीतरी वर्षं तशीच वापरली. वनहक्काचा कायदा झाला तेव्हा त्या कायद्यानेच मान्य केलं की या लोकांवर अन्याय झाला होता. त्या दिवशी शरयूताईंनी विभागात रसगुल्ले वाटले. दुसऱ्या दिवशी कायद्याची प्रत घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आता यातला फॉर्म कोण भरणार? चला, उठा."

त्यांच्या कामाची एक शिस्त आहे. कुणाचीही जबानी लिहून घेतली, नकाशा काढला, की तो कागद त्या माणसाला, त्याच्या भाषेत, मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय पुढे जायचा नाही. यात आठवडे जातात. म्हातारी माणसं मधेच दुसरी गोष्ट सांगू लागतात, कुणीतरी म्हणतं तो ओढा नव्हे, पलीकडचा, मग पुन्हा खाडाखोड. आम्ही चरफडायचो. एकदा मी म्हटलं, "ताई, एवढं वाचून कशाला दाखवायचं? ते आपल्यावर विश्वास ठेवतात." त्या तडकल्या. "विश्वास ठेवतात म्हणूनच फसतात! अंगठे घेणाऱ्या सगळ्यांवर त्यांनी विश्वासच ठेवला होता." त्यांचा राग फार वेळ टिकत नाही, पण टिकतो तेवढा वेळ समोर उभं राहायची सोय नसते.

जिनिव्हात आदिवासी हक्कांवर भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय सभेत त्यांना बोलायला मोजकी मिनिटं मिळाली होती. आयुष्यभराच्या अभ्यासानंतर मिळालेली ती संधी. मी त्यांच्यासोबत होते. नाव पुकारल्यावर शरयूताई उठल्या आणि आपल्या खुर्चीवर त्यांनी झारखंडहून आलेल्या एका बाईंना बसवलं. स्वतः मागच्या रांगेत त्यांची पाण्याची बाटली धरून बसल्या. बाई संथाळीत बोलल्या, दुभाषी अडखळला, वेळ संपल्याचा दिवा लागला. बाहेर आल्यावर मी हळहळले, की तुमचा मुद्दा राहिलाच. त्या म्हणाल्या, "माझा मुद्दा काय होता? की त्यांना बोलू द्या. आणखी काय सांगायचं होतं मला?"

त्यांच्या मायेबद्दल लिहायला बसले तर ग्रंथातली इतरांची पानं मी खाईन. गार्डन रीचच्या जहाजबांधणी कारखान्यातल्या एका कामगाराची मुलगी त्यांच्या वर्गात होती. तिचा पाय मोडला आणि परीक्षा तोंडावर आली, तेव्हा दर गुरुवारी बस बदलत शरयूताई तिच्या घरी जाऊन शिकवत. ती मुलगी आज स्वतः प्राध्यापक आहे. माझी लेक ईरा इथेच वाढली. तिचं मराठी म्हणजे आमटीत घातलेली बंगाली मोहरीची कासुंदी. मी टोकत असे, शरयूताई कधी टोकत नसत. शनिवारी तिला समोर बसवून थालीपीठ थापायला लावायच्या आणि तासभर नुसत्या गप्पा मारायच्या. ईरा आज मराठीत भांडू शकते, हे श्रेय त्यांचं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

बंगालच्या पश्चिम टोकाच्या पुरुलिया जिल्ह्यात कुसुमटांड नावाचं संथाळ गाव आहे. गावामागे डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी 'वरचा टोला' नावाची सतरा घरांची वस्ती. डोंगरावर गावाची राई, गुरांची चराई, मोहाची झाडं. एका कंपनीला तिथे दगडाची खाण काढायची होती. गावाने वनहक्क कायद्याखाली डोंगरावर सामूहिक हक्काचा दावा करायचं ठरवलं आणि शरयूताईंकडे मदत मागितली. दावा फेटाळला गेला तर डोंगर फुटणार आणि टोला उठणार, एवढा सरळ मामला होता. नकाशाचं काम शरयूताईंनी माझ्यावर सोपवलं.

मी तेव्हा नुकताच एक लेख लिहिला होता. विषय: वसाहती कायद्यातली 'रिकाम्या जमिनीची' कल्पना. लेखाचं बरंच कौतुक झालं होतं आणि मी थोडी हवेत होते. पौषात दोन विद्यार्थी आणि मोबाइलवरचं मोजणीचं अॅप घेऊन मी गेले. दोन दिवसांत गाव, शेतं, ओढा, पायवाटा, सगळं मोजून काढलं. वरच्या टोल्यावर गेलो तेव्हा सतराही घरांना कुलपं होती. अंगणात पालापाचोळा, चुली थंड. गावचा प्रमुख त्या दिवशी बाजाराला गेला होता. कुणाला विचारावं, असं मला वाटलं नाही. मी मोजायला गेले होते, विचारायला नव्हे. नकाशावर सतरा चौकोन काढून खाली लिहिलं: 'घरे रिकामी. सध्या वापर दिसत नाही.'

वर आणखी एक शहाणपणा केला. कामाचा झपाटा दिसावा म्हणून, गावात वाचून दाखवण्याआधीच नकाशाची 'प्राथमिक प्रत' जिल्ह्याच्या कचेरीत पाठवून दिली. शरयूताईंना सांगितलं नाही. वाचन झाल्यावर अंतिम प्रत जाईलच, असा माझा हिशोब होता.

वाचन झालं ते गावातल्या शाळेच्या अंगणात. शाळेतले मास्तर संथाळीत सांगत होते, मी नकाशावर बोट ठेवत होते. 'वरचा टोला, घरे रिकामी' हे ऐकल्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग एक वृद्ध बाई काठी टेकत उठल्या. फुलमणी त्यांचं नाव. त्यांनी माझ्याकडे बघून बंगालीत विचारलं, "हामि कि मोरे गेछि?" मी मेले का?

त्यांचं घर वरच्या टोल्यावरच होतं. गुडघ्यांमुळे त्या तेवढ्या खाली बहिणीकडे राहिल्या होत्या. बाकी सतराही घरांतली माणसं मुलाबाळांसह दरवर्षीप्रमाणे पूर्वेला, वर्धमानकडच्या सखल भागात, भातकापणीला गेली होती. कापणी झाली की उन्हाळी भाताची लावणी, आणि मग माघ सरता सरता घरी. या जाण्याला तिथे 'नामाल' म्हणतात. पुरुलियात शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट. मला माहीत नव्हती, कारण मी ती विचारली नव्हती. ज्या चुकीवर मी पानंच्या पानं लिहिली होती, तीच चूक मी स्वतः, दोन दिवसांत, मोबाइल हातात धरून केली होती.

शरयूताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी तिथेच त्यांना सांगितलं, की प्रत पुढे गेली आहे. परतीच्या गाडीत पुरुलिया स्टेशनपासून खरगपूरपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. आठवड्याभरात बातमी आली. कंपनीच्या वकिलांनी माझाच नकाशा कचेरीतून मिळवून दाव्याचा निर्णय करणाऱ्या समितीपुढे ठेवला होता. दावेदारांच्या स्वतःच्या कागदानुसार वस्ती ओसाड आहे, मग हक्क कुणाचा?

मी समोरच्या घरात गेले आणि सांगितलं, "ताई, मी या कामातून बाजूला होते." मला रडू फुटलं होतं.

"छान," त्या म्हणाल्या. "चूक तू केलीस आणि निस्तरायची कुणी, फुलमणीने? रडून झालं की थर्मास भर. सतरा घरांची माणसं शोधायचीत. सकाळी लवकरची गाडी आहे."

त्या वेळी शरयूताई त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. वर्धमानच्या त्या शेतांमधून आम्ही तीन आठवडे हिंडलो. गाडी, मग बस, मग टोटो म्हणजे बॅटरीची रिक्षा, मग बांधावरून पायी. मास्तर रजा काढून आले होते. एका खेड्यात दोन कुटुंबं सापडली की ती सांगत, अमक्याचा मेहुणा कालव्यापलीकडे आहे. बाया ओणव्या होऊन लावणी करत असत, आम्ही बांधावर बसून राहायचो. जेवणाच्या सुट्टीत त्या येत, चिखलाचे हात धुऊन शेजारी टेकत. घर कुणी बांधलं, गुरं कुठे चरायची, राईत पूजा कधी होते, मोह कुणी कुठला वेचायचा, सगळं लिहून घ्यायचं आणि तिथेच वाचून दाखवायचं. मास्तरांचा घसा बसला की शरयूताई आपल्या मोडक्यातोडक्या संथाळीत वाचत आणि बायका हसून हसून दुरुस्त्या करत. फुलमणींची सून चांपा म्हणाली, "तुम्ही आमच्या घरी आलात आणि आम्ही नव्हतो. चहासुद्धा दिला नाही कुणी." तिने मलाच ओशाळून हे म्हणावं, याचं मला किती वाईट वाटलं, ते कसं लिहू? सतरावं कुटुंब हुगळीच्या बाजूला एका शीतगृहाजवळ सापडलं. त्या दिवशी शरयूताईंनी बांधावर बसून दोन वाट्या मुढी, म्हणजे आपले चुरमुरे, खाल्ली आणि गुडघा दुखत नाही असं सपशेल खोटं सांगितलं.

सुनावणी पुरुलियात झाली. सतरा घरांमधून एकेक माणूस कामावर सुट्टी टाकून आला होता. कंपनीचे वकील नम्र आणि तयारीचे होते. त्यांनी माझा नकाशा पुढे केला. मी उठून सांगणार होते, की ही माझी चूक. शरयूताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"हा नकाशा आमचा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या देखरेखीखाली झाला आणि तो चुकीचा आहे. लोक कामाला गेलेले असताना आम्ही गेलो, कुलपं बघितली आणि ओसाड लिहिलं. जगात याच चुकीवर राज्यंच्या राज्यं उभी राहिली. माझा जन्म ती चूक दाखवण्यात गेला, आणि शेवटी ती माझ्याच फायलीत निघाली. मला लाज वाटते. पण आम्ही माणसं शोधली. ती इथे उभी आहेत. एवढंच समितीने करावं, अशी विनंती आहे. त्यांच्याकडे बघावं."

वकिलांनी चांपाला विचारलं, तू तिथे राहतेस याचा पुरावा काय? मास्तरांनी प्रश्न संथाळीत सांगितला. चांपाला प्रश्नाचंच नवल वाटलं असावं. तिने कमरेच्या करगोट्याला अडकवलेली किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं, पण मग मागचे सोळाही जण पुढे आले. कुणाची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात होती, कुणाची खिशात, कुणाची पदराच्या गाठीत. शेतावर, चिखलात, परक्याच्या गोठ्यात झोपताना त्यांनी ती जवळ बाळगली होती. अध्यक्ष अधिकाऱ्यांनी त्या सतरा किल्ल्या मोजल्या. मग त्यांनी कारकुनाला त्यांची नोंद घ्यायला सांगितलं आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली.

निकाल चार महिन्यांनी आला. वरचा टोला, त्याची शेतं, डोंगराची अलीकडची बाजू आणि राई यांवर गावाचा हक्क मान्य झाला. पलीकडची बाजू, जिथे खाणीसाठी खुणांचे दगड पुरले आहेत, तिचा निर्णय वर गेला आहे. तो कधी लागेल, सांगता येत नाही. पण हल्ली मी हे काम करणाऱ्या तरुण मुलामुलींना बघते. त्यांना विचारायची लाज वाटत नाही. कुठल्या महिन्यात यावं, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. तो शरयूताईंच्या वर्गातून निघून कुठे कुठे पोचला आहे. मी आता शिकवते, तेव्हा माझा तो नकाशा आधी दाखवते. असं करायला मला कुणी सांगितलेलं नाही. पण ज्या गुरूने माझी चूक भर सभेत आपल्या नावावर घेतली, त्यांची विद्यार्थिनी म्हणून एवढं तरी करायला हवं.

गेल्या फाल्गुनात, सगळे घरी असताना, कुसुमटांडने आम्हाला बोलावलं. डोंगराच्या पलीकडच्या बाजूला, त्या खुणांच्या दगडांच्या मधल्या जागेत, गावाने मोहाची रोपं लावायचं ठरवलं होतं. मी वकिली बाण्याने म्हटलं, "निकाल लागेपर्यंत थांबायला हवं." शरयूताई म्हणाल्या, "पिढ्यान् पिढ्या जे करत आलेत ते करायला त्यांनी निकालाची वाट का बघायची? खड्डे खणायला माणसं कमी आहेत, तू जा." मी गेले.

फुलमणी, ज्यांचं वय त्यांना स्वतःलाही नक्की माहीत नाही, काठी टाकून खाली बसल्या आणि एक रोप त्यांनी हाताने मातीत दाबलं. शरयूताई कशाबशा त्यांच्या शेजारी टेकल्या. त्यांनी विचारलं, याला फूल कधी येईल? फुलमणी म्हणाल्या, दहा वर्षं. कधी पंधरा.

"म्हणजे मला नव्वदीपर्यंत राहावं लागणार," शरयूताई हसत म्हणाल्या. "आणि तुम्ही?"

या ग्रंथात आपण सगळ्यांनी शरयूताईंना दीर्घायुष्य चिंतलं आहे. वाकून, आदराने, शब्द निवडून. माझीही त्यांच्या चरणी तीच प्रार्थना आहे, की त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, गुडघे साथ देवोत, आवाजातली धार तशीच राहो आणि समोरचं दार उघडलेलं मला रोज दिसत राहो. पण मला जे म्हणायचं आहे ते फुलमणी त्या दुपारी माझ्यापेक्षा नीट म्हणाल्या. त्यांनी हातावरची माती झटकली, शरयूताईंचा हात घट्ट धरला आणि बाजारहाट ठरवावी तितक्या सहज सांगून टाकलं:

"हामि थाकबो. तुइओ थाकबि."

मी राहणार आहे. तूही राहा.